एका पट्ट्यावर दोन थोरले

कॉम्प्युटर बिघडला की गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं. "मी काहीच केलं नाही हो, आपोआपच बंद पडला." गिरगावातल्या वकिलांनी मला हे सांगितलं, दादरच्या टायपिंग क्लासच्या बाईंनी सांगितलं, लालबागच्या एका दातांच्या डॉक्टरनं तर पेशंटच्या तोंडात हात असताना मान वळवून सांगितलं. मी कधी वाद घातला नाही. बॅग खाली ठेवायची, चहा आला तर घ्यायचा आणि टेबलाखाली वाकून बघायचं. निम्म्या वेळा तिथे प्लग लोंबत असायचा.

आता दुकान बंद केलंय. परळला एका चाळीच्या जिन्याखाली गाळा होता, उभं राहिलं की डोकं आपटायचं. गुडघे वाकेनासे झाले आणि नव्या कॉम्प्युटरांत वाकून बघण्यासारखं काही उरलंही नाही, सगळं डिंकानं चिकटवलेलं. बिघडलं की फेका. आमच्या वेळी चार स्क्रू काढले की यंत्र आपलं पोट उघडून दाखवायचं, आणि काय दुखतंय ते बहुतेक वेळा दिसायचंही.

मी मूळचा वायरमन. गिरणीच्या वीजखात्यात बदलीवर होतो. बदली म्हणजे रोज सकाळी दारावर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. कायम होण्याची वेळ आली आणि ब्याऐंशीचा संप लागला. संप सुरू झाल्याचं सगळ्यांना आठवतं, पण तो संपला कधी हे आमच्यातलं कोणी सांगू शकत नाही. माणसं एकेक करून दुसरीकडे गेली. कोणी गावाला, कोणी वॉचमन, कोणी भाजीच्या टोपलीमागे. मी रेडिओ दुरुस्त करायला लागलो. रेडिओ गेले, टीव्ही आले, आणि चाळिशीला टेकलो तेव्हा कॉम्प्युटर आले. दादरच्या एका क्लासला नाव घातलं. वर्गात सगळ्यात म्हातारा मी. पहिल्या दिवशी सर समजून पोरं माझ्यासाठी उभी राहिली होती. लाज वाटली, पण जागेवरून उठलो नाही.

माझं नाव झालं ते एका दुखण्यासाठी. ड्राइव्ह दिसत नाही. बाहेरच्या माणसाला सांगतो, सोपं आहे. कॉम्प्युटर चालू केला की तो आधी काळ्या पडद्यावर हजेरी घेतो. कीबोर्ड आहे का, हजर. डिस्क आहे का, हजर. सीडी ड्राइव्ह आहे का? आणि तिथे उत्तरच येत नाही. डबा समोर बसवलेला असतो, बटण दाबलं की त्याचा ट्रे जीभ काढावी तसा बाहेर येतो, दिवा लागतो, तरी कॉम्प्युटर म्हणतो, असा कोणी इथे नाहीच. माणूस चक्रावतो. अहो, हा काय इथे आहे! पण वीज पोचणं वेगळं आणि निरोप पोचणं वेगळं. वीज एका वायरनं जाते, निरोप दुसऱ्या, बारीक तारांच्या चपट्या पट्ट्यानं. पट्टा ढिला झाला, गंजला, चुरगळला की ड्राइव्ह जिवंत असून बेपत्ता.

गिरगावातल्या एका वाडीत एक गुरुजी कॉम्प्युटरवर पत्रिका काढायचे. त्यांचा ड्राइव्ह दर दोन महिन्यांनी दिसेनासा व्हायचा. मी जायचो, पट्टा दाबून बसवायचो, यायचो. चौथ्यांदा गेलो तेव्हा लक्षात आलं की कॉम्प्युटरचा डबा दर वेळी वेगळ्या बाजूला तोंड करून असतो. "गुरुजी, हा फिरवता का तुम्ही?" तर म्हणाले, "अमावास्येला पूर्वेला करतो, नंतर यजमानांच्या सोयीनं परत." अख्खं धूड ते वायरींसकट फरफटत फिरवायचे. मी म्हटलं, "महाराज, याचे ग्रह फिरवू नका, एका जागी बसवा." त्यानंतर मला बोलावणं आलं नाही. रागावले की ड्राइव्ह सुधारला, देव जाणे.

आणि वरळीच्या कोळीवाड्यातली हिराबाई. लेकीच्या लग्नाची सीडी ड्राइव्हमध्ये अडकलेली, ट्रे उघडेना, आणि जावयाची माणसं ती बघायला ओट्यावर बसलेली. ड्राइव्हच्या तोंडाला एक बारीक भोक असतं, त्यात तार घातली की ट्रे सुटतो. मी बॅगेत तार शोधतोय, तर बाईनं अंबाड्यातला आकडा उपसला आणि माझ्या हातात कोंबला. "घे रं, कवापास्नं काय चाचपतंस!" ट्रे सुटला. आत खाऱ्या हवेनं सगळ्या पिना हिरव्या पडल्या होत्या. त्या घासून दिल्या तेव्हा ड्राइव्ह दिसायला लागला. जाताना म्हणाली, "आमची होडी बी म्हैन्याला घासावी लागते, ह्याला काय सोनं लागलंय?" यंत्राबद्दल इतकं शहाणपणाचं मला कोणी बोललं नव्हतं.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसलोय ते प्रकरण घोडपदेवचं.

तिथे एका चाळीत तळमजल्यावर आमच्या गिरणीच्या जुन्या कामगारांच्या मंडळाची खोली होती. पूर्वी गावाहून आलेली माणसं तिथे वळकट्या टाकायची, नंतर तिथे फक्त सभा आणि गणपतीची वर्गणी उरली. गिरण्यांच्या जागेवर कामगारांना घरं मिळणार अशी बातमी आली तेव्हा मंडळानं एक चांगलं काम केलं होतं. सगळ्या जुन्या कामगारांचे गिरणीचे पास आणि कागद गोळा केले आणि कॉम्प्युटरमध्ये त्यांचे फोटो घालून ज्याचे त्याला परत दिले. तो कॉम्प्युटर मीच जोडून दिलेला. जुने सुटे भाग जमवून, पण माझ्या हातानं. याची एक प्रत सीडीवर काढून ठेवा असं दहादा सांगितलं होतं. "करू" म्हणाले. करू म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

दसरा होऊन पाच-सहा दिवस झाले असतील. शुक्रवारी सकाळी मंडळाच्या सेक्रेटरीचा, विजय दळवीचा फोन. दळवी तेव्हा चाळिशीचा, बाप गिरणीत होता, हा कुरिअर कंपनीत. "सावंत, लगेच या. सीडी दिसत नाही, डिस्क दिसत नाही, काहीच दिसत नाही. उद्या दुपारी फॉर्म बंद होतायत."

गेलो. खोलीत पंधरा-वीस माणसं. कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर शांतावहिनी बसलेल्या, मांडीवर फॉर्मची पिशवी. शांतावहिनी म्हणजे महादेव घागांची बायको. घाग आमच्या गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. वर्ष-दीड वर्षापूर्वी गेले होते. वहिनी शाळेत पोळीभाजीचे डबे पोचवायच्या आणि घरच्या तीन माणसांसह दिराच्या अर्ध्या खोलीत, पडद्याच्या अलीकडे राहायच्या. दीर आता पडदा काढा आणि निघा म्हणत होता. घराचा फॉर्म भरला नाही तर त्यांना जायला जागा नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

फॉर्ममध्ये एक रकाना भरायचा राहिला होता. तिकीट नंबर. गिरणीत माणसाला नावानं कोणी विचारत नसे, पगार, हजेरी, रजा सगळं नंबरावर. सरकारी कचेरीतला माणूस म्हणाला होता, "बाई, एकेका गिरणीत महादेव घाग पाच-पाच निघतात. नंबर आणा, मी मस्टरात शोधतो. नंबराशिवाय फॉर्म घेत नाही."

"पास नाही का घरी?" मी विचारलं.

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गिरणी बंद झाली तरी ते पास रोज खिशात घालायचे, भावोजी. सदरा बदलला की पास त्या सदऱ्यात. कशाला म्हणून विचारलं की म्हणायचे, भोंगा वाजला तर? गेले तेव्हा अंगावर तोच सदरा होता. मला तो काढवला नाही. तसाच गेला त्यांच्याबरोबर. मला काय ठाऊक, की पुढे तो नंबर विचारतील?"

जुन्या माणसांना विचारून झालं होतं, कोणालाच आठवत नव्हता. कोपऱ्यात परबकाका उभे होते, साचे खात्याचे फिटर, पंच्याहत्तरीचे. आयुष्य मुंबईत काढलं तरी बोली मालवणीच. ते म्हणाले, "घागाचे साचे एकशे बारा आणि एकशे तेरा. ता माका याद आसा. माणसांचे नंबर नाय ठेवलंय मी ध्यानात."

मी कॉम्प्युटर चालू केला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, हजेरी सुरू. कीबोर्ड हजर. डिस्कच्या जागी कोणी नाही. सीडी ड्राइव्हच्या जागी कोणी नाही. पुन्हा केलं, तेच. पट्ट्याची टोकं दाबली, तेच.

आता माझं पाप सांगतो. मला अकरा वाजता गिरगावात दुसरं काम होतं. आणि हा डबा माझ्या हातचा होता, त्यात माझी जोडणी चुकलेली असेल हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. नवा माणूस जे पहिल्या पाच मिनिटांत करतो, एकेक ड्राइव्ह सोडवून वेगळा लावून बघतो, ते मी केलं नाही. हात पुसले आणि मोठ्या डॉक्टरांच्या थाटात म्हणालो, "डिस्क गेली."

"गेली म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"मेली, वहिनी. आतलं काही मिळायचं नाही."

त्यांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. रडल्या नाहीत. नुसत्या पडद्याकडे बघत राहिल्या, जणू मी नव्हे, त्यानंच काहीतरी सांगायचं बाकी आहे.

तेवढ्यात दळवी म्हणाला, "दसऱ्याला काकांनी उघडला होता हा डबा. मी तेव्हाच बोललो होतो, नका हात लावू."

सगळे परबकाकांकडे वळले. काका गोंधळले. "मी काय्येक करूक नाय. पुसून ठेवलंय आणि पूजा केलंय. खंडेनवमीक मशीन पुसूक नको?"

आणि मी, ज्याला तीस माणसं मास्तर म्हणायची, मी त्या माणसावर ओरडलो. "काका, हा काय साचा आहे, फडका मारायला? कळत नाही तिथे कशाला कडमडता? एका बाईचं घर गेलं तुमच्या पूजेपायी!"

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वहिनींकडे. चपला घातल्या आणि जिना चढून वर गेले. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती.

मी डिस्क काढून घ्यायला म्हणून डब्यात हात घातला. कॉम्प्युटर अजून चालूच होता. वायरमनची सवय असते, यंत्राला आधी हाताची मागची बाजू लावायची. डिस्क कोमट होती आणि बारीक गुरगुरत होती. आत तबकडी फिरत होती. मेलेला माणूस घोरत नाही, सावंत, असं मी स्वतःलाच म्हणालो.

मग नीट बघितलं. आतमध्ये धुळीचा कण नाही. दहा वर्षांचा जुना डबा, पण पंख्याची पाती लखलखत होती. मी जोडताना वायरी कशातरी कोंबल्या होत्या. आता त्या सरळ करून, मेणाच्या दोऱ्यानं जागोजागी बांधलेल्या, प्रत्येक गाठ विणकराची, चपटी, हाताला न लागणारी. डिस्कच्या अंगावरचा माहितीचा कागद गंध-कुंकवानं माखला होता. हे नुसतं पुसणं नव्हतं. हे सगळं कोणीतरी बाहेर काढून परत बसवलं होतं.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "आलोच," आणि जिना चढलो.

काका खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या सूनबाईनं मला पाणी दिलं आणि आत गेली. मी जमिनीवर बसलो.

"काका, चुकलो. तोंड सुटलं."

"सगळ्यांच्या म्होरं बोललंस तू माका."

"हो."

"चाळीस वर्सां मशिनीत हात घातलंय. एकदाय कोणी असा बोलूक नाय. साहेब लोक नाय बोलले."

मी विचारलं, "काका, डबा उघडल्यापासून काय काय केलंत ते सांगा. पहिल्यापासून. मला शिकवताय असं समजून सांगा."

फिटरला काम कसं केलं असं विचारलं की त्याला राग धरता येत नाही. काका हळूहळू वळले. ताटात स्क्रू ओळीनं कसे मांडले, दाढीच्या ब्रशनं धूळ कशी झाडली, पंख्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब, जास्त नाही. "गिरणीत खंडेनवमीक साचो सगळो खोलून, पुसून, तेल घालून मगे हार. नुसतो वरसून हार घालणारो फिटर न्हय, तो भट."

"मग?"

"मगे ते दोन डबे. एकाच पट्ट्यार दोनय. भायर काढून पुसलंय. तर एकाची टोपी हयसर, दुसऱ्याची थयसर." त्यांनी दोन बोटं वेगवेगळी धरून दाखवली. "कोणीतरी घाईत बसवलेली. मी दोनय सारखी केलंय."

मी कपाळावर हात मारून घेतला.

आता ही टोपी काय ते सांगतो. जुन्या कॉम्प्युटरात एका पट्ट्यावर दोन ड्राइव्ह लावत. दोघांचा निरोप एकाच वाटेनं, म्हणून आधी ठरवून द्यावं लागे की थोरला कोण आणि धाकटा कोण. ते ठरायचं ड्राइव्हच्या पाठीमागच्या पिनांवर बसवलेल्या प्लास्टिकच्या एका टोपीनं. मुगाच्या दाण्याएवढी असते, आम्ही तिला जंपर म्हणतो. एका जागी बसवली की ड्राइव्ह थोरला, दुसऱ्या जागी की धाकटा. दोघंही थोरले झाले, तर हजेरीच्या वेळी दोघंही एकदम ओरडतात आणि कॉम्प्युटरला कोणाचंच ऐकू येत नाही. एका घरात दोन कर्ते झाले की जे होतं तेच. दोघं धडधाकट, दोघं जागेवर, आणि दोघंही गैरहजर.

"काका, ती मुद्दामच वेगळी होती."

"मुद्दाम? कोणी केलेली?"

"मीच."

ते माझ्याकडे अविश्वासानं बघायला लागले. "असा चालात काय? एका माणसाकडे दोन साचे. घागाकडे एकशे बारा, एकशे तेरा. एक असो बांधलो आणि दुसरो तसो, तर कापड सारखा येयत? मुकादम जॉबर कानाखाली देयत! जोडीचे साचे एकसारखे बांधूक व्हये, ह्या फिटराचा पयला काम."

बरोबरच होतं. चाळीस वर्षं जो नियम पाळून या माणसानं नाव कमावलं, तोच नियम त्यानं अत्यंत काळजीपूर्वक, शुचिर्भूत होऊन, या डब्याला लावला होता. गिरणीत न गेलेला कोणी असता तर त्याला ती टोपी दिसलीसुद्धा नसती. मला हसू आलं, मग काकांनाही आलं, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. "म्हणजे मीच घालवलंय ता बायचा घर?"

"नाही घालवलं. चला खाली. बॅटरी धरा माझ्यासाठी."

खाली आलो. लोक अजून तसेच. काका माझ्या बाजूला बॅटरी धरून उभे राहिले. मी सगळ्यांकडे पाठ करून सीडी ड्राइव्ह बाहेर ओढला, चिमट्यानं टोपी उचलली आणि धाकट्याच्या जागी बसवली. दोन मिनिटांचं काम. काकांनी ते नीट बघितलं.

आणि मग मी बॅगेतून एक नवा पट्टा काढला. जुना पट्टा काढला, नवा लावला. काहीच गरज नव्हती.

कॉम्प्युटर चालू केला. हजेरी. डिस्क हजर. सीडी ड्राइव्ह हजर. खोलीत एकच गलका झाला. दळवी म्हणाला, "काय होतं, सावंत?"

मी जुना पट्टा वर धरून दाखवला. "पट्टा गेला होता."

का बोललो मी तसं? तेव्हा मनाशी म्हटलं, काकांचं नाव वाचवतोय. टोपीचं सांगितलं असतं तर म्हणाले असते, बघा, म्हाताऱ्यानंच केलं. हे खरं आहे. पण जिवंत डिस्कला मी सगळ्यांसमोर मेली म्हणालो होतो, माझ्याच हातची टोपी मी तपासली नव्हती, हेही त्याबरोबर सांगावं लागलं असतं. दोन्ही कारणं होती. कुठलं जास्त होतं ते मला ठाऊक आहे.

काका बाजूलाच उभे. त्यांनी बॅटरी विझवली.

दळवीनं फाईल उघडली. घाग महादेव. पासाचा फोटो पडद्यावर आला. कडा झिजलेल्या, वर गिरणीचा शिक्का, आणि मधे पंचविशीतला घाग, दाट मिशी, डोळे विस्फारलेले, फोटोवाल्यानं हलू नको म्हणून दम दिल्यासारखा. खाली नंबर, स्वच्छ. वहिनी उठून पडद्याजवळ गेल्या आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचत फॉर्मवर लिहू लागल्या. दर आकड्याला थांबून वर बघायच्या. लिहून झाल्यावर नंबरावर नाही, मिशीवर बोट ठेवलं. "लग्नात हीच होती," म्हणाल्या, आणि मग रडल्या.

सगळं छान झालं असतं. पण दळवी हसत हसत म्हणाला, "म्हणजे काकांनी पुसताना पट्टा ओढला असणार. काका, पुढच्या दसऱ्याला बाहेरूनच हार घाला हं!" सगळे हसले. मी तिथे होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बॅगेची चेन लावली आणि गिरगावच्या कामाला उशीर होतोय म्हणून निघालो.

पुढल्या दसऱ्याला काकांना खोलीची किल्ली कोणी दिली नाही. दळवीनं मॉनिटरवर झेंडूचं एक फूल ठेवलं, झाली पूजा. मी गेलो होतो. काका दारात चपलांपाशी उभे होते. डब्यात वर्षाची धूळ बसलेली त्यांना तिथूनही दिसत असणार. मी म्हटलं, "काका, आत या." म्हणाले, "हयसरच बरा." मला रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

घरांच्या सोडतीत वहिनींचं नाव लागलं, पण ताबा मिळायला बरीच वर्षं गेली. गिरणीच्याच जागेवर इमारत, चौदावा मजला. सत्यनारायणाला सगळ्यांना बोलावलं. परबकाकांना त्यांच्या नातवानं चाकांच्या खुर्चीवरून आणलं होतं. कानानं पार गेलेले, पण लिफ्टमध्ये भिंतीला हात लावून म्हणाले, "ग्रीस व्हया ह्येका."

पूजा झाली. वहिनींनी सगळ्यांना बसवलं आणि शाल-नारळ घेऊन माझ्यासमोर आल्या. "हे घर सावंतभावोजींमुळे. त्या दिवशी ते आले नसते तर मी आज कुठे असते, देवाला माहीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नारळ हातात आला आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

मी उभा राहिलो. "वहिनी, नारळ चुकीच्या माणसाला दिलात," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. डिस्क जिवंत होती आणि मी तिला मेली म्हणालो. पट्टा चांगला होता, मी खोटं बोललो. काकांनी काय केलं, का केलं, आणि त्यांनी वर खोलीत बसून मला पहिल्यापासून सांगितलं नसतं तर मी ती डिस्क कचऱ्यात टाकली असती, आणि नंबर तिच्याबरोबर गेला असता. वहिनी एकदा माझ्याकडे, एकदा काकांकडे बघत होत्या.

"काय म्हणता तो?" काकांनी नातवाला विचारलं. नातवानं कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं. काकांनी नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी जिना चढण्याआधी बघितलं होतं तसं नाही, वेगळं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाय, नाय. पट्टोच गेलेलो. मी बॅटरी धरलेलंय, मी बघितलंय."

दळवी हसला. "बघा सावंत! उगाच काय मोठेपणा देताय म्हाताऱ्याला." सगळेच हसले, वहिनीही डोळे पुसत हसल्या आणि शाल माझ्या खांद्यावर नीट केली. मी आणखी दोनदा सांगून बघितलं. कोणी मनावर घेतलं नाही. परबकाका कधी खोटं बोलत नाहीत, हे अख्ख्या घोडपदेवला ठाऊक होतं.